आजी काना विसरली

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडलं. पडल्यावर गप्प बसेल तर ते झाकण कसलं! ते गरगर फिरलं, ओट्याखाली गेलं, तिथून माघारी आलं आणि टणटणटण करत एकदाचं आडवं झालं.

पहाटेचे पावणेसहा. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये या वेळी फक्त फ्रिज जागा असतो, तोही कुरकुरत.

"कोण आहे गं?" उल्काने पांघरुणातूनच विचारलं.

"मी," मैत्रेयीचा आवाज आला.

"काय करतेयस?"

"पाणी पितेय."

पाणी प्यायला डब्याचं झाकण कशाला काढावं लागतं, हा प्रश्न उल्काला पडायला हवा होता. पण सहा वर्षांच्या मुलीच्या आईला झोपेची शेवटची पंधरा मिनिटं प्राणाहून प्यारी असतात. तिने कूस बदलली.

शेजारी सुधन्वा घोरत होता. त्याची आज मेडिकल. सकाळची पहिली लघवी घरून आणायची असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून पाचलाच उठून, बाटली भरून, वर नाव-तारीख लिहून, ती काळ्या पिशवीत बेसिनशेजारी ठेवून तो पुन्हा आडवा झाला होता. मोठी कामगिरी फत्ते केल्यासारखा चेहरा होता त्याचा झोपेतसुद्धा. कामगिरी होतीच ती. हा माणूस वादळात चाळीस अंश कलणाऱ्या जहाजावर इंजिनाच्या शेजारी उभा राहून चहा पिऊ शकायचा. पण दाराबाहेर कुणी वाट बघत उभं आहे म्हटलं की त्याची लघवी संपावर जायची. नशापाण्याच्या तपासणीचा नमुना मात्र माणसासमोरच द्यावा लागतो. परवा कंपनीच्या लॅबमध्ये त्यापायी तीन तास आणि पाण्याच्या चार बाटल्या गेल्या. शेवटी तिथल्या पोऱ्यानेच हात जोडले, "सर, मेरी शिफ्ट ख़त्म हो रही है."

सुधन्वा तेलाच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. समुद्रावरच्या माणसाला दर दोन वर्षांनी 'हा समुद्रावर धाडण्याच्या लायकीचा आहे' असा डॉक्टरी दाखला लागतो. तो दाखला दिल्लीतही मिळतो याचं उल्काच्या ऑफिसात सगळ्यांना फार कौतुक. ती मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. क्वार्टर तिच्या नावावर, म्हणून हा खलाशी नवरा समुद्रापासून हजार किलोमीटरवर येऊन राहिलेला. "मॅडम, आपके हस्बंड का जहाज यमुना में खड़ा करते हैं क्या?" हा विनोद सहा वर्षांत तिने किमान सहाशे वेळा ऐकला होता.

शुक्रवारी त्याचं विमान होतं. दाखला हाती नसेल तर कंपनी जहाज थांबवत नाही, माणूस बदलते. मागच्या खेपेला सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेला सुधन्वा नऊ महिन्यांनी आला. तेवढ्यात मैत्रेयीचे पुढचे दोन दात पडले, नवे डोकावायला लागले, आणि मधलं बोळकं बाबांना फक्त फोनच्या पडद्यावर बघायला मिळालं.

म्हणून गेले पंधरा दिवस घरात मेडिकलची तयारी चालली होती. कंपनीला इंजिनरूमच्या शिडीत मावणारी माणसं हवी असतात आणि सुधन्वा घरच्या जेवणावर चार किलो फुगला होता. उल्काने साखरेचा डबा उचलून सूटकेसमध्ये घातला, सूटकेस माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, "मेडिकल होईपर्यंत या घरात साखर बंद."

"चहातही?"

"चहातही."

"अगं, कैद्यांनासुद्धा देतात."

"त्यांना जहाजावर जायचं नसतं."

काल रात्रीच्या जेवणात अंकुरचा विषय निघाला. अंकुर म्हणजे सुधन्वाचा जहाजावरचा मित्र, राहायला गुडगावला. "त्याची शुगर निघाली यार," सुधन्वा भाकरी मोडत म्हणाला. "अनफिट. झालं, बसलाय घरी. रोज पोराला स्केटिंगला घेऊन जातो."

"रोज?" मैत्रेयीने विचारलं.

"रोज. दुसरं काय करणार बिचारा!"

मैत्रेयी वरण ओरपायची थांबली. तिच्या दृष्टीने यात बिचारं काय होतं, हे कुणी तिला विचारलं नाही.

*

डॉक्टर भल्लांचा दवाखाना मुनिरक्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर. जिन्यात परीक्षेच्या नोट्स घेऊन बसलेली विद्यार्थी मंडळी, त्यांना ओलांडत वर गेलं की समोर एकदम नांगराचं चित्र आणि 'सी-फेअरर्स मेडिकल' अशी पाटी. भल्लांनी सत्तरी ओलांडली होती. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांनी हरियाणा-पंजाबातल्या इतक्या पोरांना समुद्रावर धाडलं होतं, की त्यांनी स्वतः समुद्र एकदाच, तोही मधुचंद्राला, पाहिला होता हे कुणाला खरं वाटत नसे.

मैत्रेयीला सुट्टी, उल्काने रजा टाकलेली. बाबा शुक्रवारी जाणार म्हटल्यावर तो जिथे जाईल तिथे शेपटासारखं जायचं, असं दोघींनी ठरवलं होतं. सुधन्वाने काळी पिशवी गौरवच्या हवाली केली. गौरव म्हणजे भल्लांचा टेक्निशियन, दवाखान्यातला एकमेव माणूस ज्याला कॉम्प्युटर उघडता यायचा.

वजन झालं, बसलं काट्यात. रक्तदाब झाला. कानाची तपासणी झाली. मग रंगीत ठिपक्यांचं पुस्तक निघालं. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा, म्हणजे जहाजावरचे लाल-हिरवे दिवे ओळखता येतात हे सिद्ध होतं.

"ये?" भल्लांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," सुधन्वाच्या तोंडून घरचंच निघालं.

"क्या हत्तर?"

"सेवंटी फोर, सर!" पडद्याआडून मैत्रेयी ओरडली.

"बेटा, जहाज़ पे आप जा रहे हो या पापा?"

"कुणीच नाही," मैत्रेयी पुटपुटली, आणि आईच्या मांडीवर जाऊन अगदी शहाण्यासारखी बसली. इतकी शहाणी, की उल्काने हात लावून तिचा ताप पाहिला.

"आई," थोड्या वेळाने ती कानाशी लागली, "शुगर कधी बघणार?"

"कसली शुगर?"

"बाबांची."

उल्का उत्तर देणार, तेवढ्यात आतून भल्लांची हाक आली, "अरे इंजिनियर साब, ज़रा इधर आना!"

भल्लांचा कागदाच्या पट्ट्यांवर विश्वास नव्हता. गौरव पट्टी बुडवून रंग बघायचा तो बघो. ते स्वतः जुन्या पद्धतीने लघवी उंच नळीत ओतून त्यात काचेचा छोटा तरंगा सोडायचे. तो किती बुडतो यावरून लघवी किती दाट ते कळतं. आज तरंगा बुडतच नव्हता. भल्लांनी बोटाने दाबला की तो खाली जायचा आणि बोट काढलं की टुणकन वर येऊन डोलायचा.

"पैंतीस साल में ऐसा नहीं देखा," भल्ला म्हणाले. "डूब ही नहीं रहा."

सुधन्वाने वाकून पाहिलं. जन्म समुद्रावर गेलेला माणूस. तरंगणारी वस्तू दिसली की त्याला बोलल्यावाचून राहवत नाही. "सर, नदीतून समुद्रात शिरल्यावर जहाज असंच वर उचललं जातं. खारं पाणी जड असतं ना." हिंदीत सांगायचं भान त्याला मागाहून आलं, मग त्याने तेच हिंदीत सांगितलं.

"वही तो!" भल्लांनी चष्मा काढला. "ये पेशाब नहीं है भाई, ये समंदर है. तुम जहाज़ पे रहते हो या जहाज़ तुम में रहता है?"

गौरव फिस्सकन हसला. सुधन्वाही हसला, पण भल्ला हसत नाहीत हे लक्षात आल्यावर थांबला.

"और शुगर?" त्याने विचारलं.

"शुगर बिल्कुल निल."

"निल?" उल्काच्या मांडीवरचा जीव ताडकन उठून बसला. "निल कशी? दोन चमचे..."

आणि दोन्ही हातांनी तिने स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

ऐकलं फक्त उल्काने.

आधी तिला काहीच उमगलं नाही. मग पहाटेचं गरगरणारं झाकण आठवलं. कोणता डबा? साखर माळ्यावर, सूटकेसमध्ये. खालच्या फळीवर, मैत्रेयीच्या हाताला लागतील असे तीनच डबे: रवा, पोहे, मीठ. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. सासूबाई, कुसुमावती, गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून आल्या होत्या, तेव्हा "पोर दिवसभर क्रेशमध्ये आणि कामवालीजवळ, नमक-चिनी करते नुसती, मराठी वाचायची कधी!" म्हणून त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहून चिकटवलेल्या.

उल्काने मैत्रेयीच्या कानाशी तोंड नेलं. "कुठल्या डब्यातलं घातलंस?"

"मीठावाल्या," तोंडावरच्या हातांतून उत्तर आलं.

"मीठा?"

"आजीने मीठ लिहिलंय. आजी काना विसरली." मैत्रेयीने आजीला उदार मनाने माफ केलेलं दिसत होतं.

"आणि चाखून नाही बघितलंस?"

"ब्रश कुठे केला होता!"

उल्काने पदर नसताना पदर तोंडात कोंबावा तशी ओढणी कोंबली. पोटातून हसू असं उसळत होतं की खुर्ची हलायला लागली. आत्ता उठावं, आत जावं, सांगून टाकावं आणि सगळ्यांनी मिळून हसावं.

ती उठली नाही.

कारण आत भल्ला सांगत होते, "देखो, हो सकता है किडनी का कुछ हो. हो सकता है कुछ ना हो. पर मैं रिस्क नहीं लूँगा. सोनोग्राफी करवाओ, दो हफ़्ते बाद फिर आओ. तब तक टेम्पररी अनफिट."

"सर, शुक्रवार की फ्लाइट है."

"जहाज़ और मिल जाएगा. किडनी दो ही मिलती हैं."

दोन आठवडे. उल्काच्या डोक्यात हे दोन शब्द कुणी घंटी वाजवावी तसे वाजले. दोन आठवड्यांत हे जहाज जाणार, दुसरं मिळेपर्यंत महिना तरी. महिनाभर सकाळचा चहा कुणीतरी करणार. महिनाभर मैत्रेयीला क्रेशमधून आणायला बॉसपुढे 'सर, आज ज़रा जल्दी' करावं लागणार नाही. गाडीचं पंक्चर, गॅसवाल्याचा ओटीपी, रात्री दाराची कडी लावली का, सगळ्याला दोन माणसं. आणि तिने काही केलेलंच नव्हतं! खोटं बोलायचंही नव्हतं. नुसतं बसायचं होतं. सरकारी नोकरीत दहा वर्षं काढलेल्या बाईला फाईल न हलवता बसणं काय कुणी शिकवावं लागतं?

मैत्रेयी खालून तिच्या तोंडाकडे बघत होती. उल्काने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या नांगराकडे बघत राहिली.

सुधन्वा बाहेर येऊन शेजारी बसला. त्याचा हात आपसूक कमरेवर गेला होता. "उल्का, दोनतीन दिवस इथे दुखतंय गं मला."

"कुठे?"

"इथे. नाही, इथे. दोन्हीकडे." त्याने कंबर दाबून पाहिली. "आमच्या काकांना असंच झालं होतं."

"कुठल्या काकांना?"

"त्यांना मुतखडा होता," सुधन्वाने कबूल केलं. "पण सुरुवात अशीच." मग हळूच, "रात्री पाय सुजल्यासारखे वाटतात. मी तुला बोललो नाही."

दोन आठवडे हा असाच दर तासाला नवा आजार काढत बसेल, हे उल्काला दिसलं. ओठ चावत ती म्हणाली, "काही नसतं रे. झालं असेल काहीतरी." एवढं मात्र तिला खोटं बोलावं लागलंच, आणि खोटं म्हणावं तर तेही नव्हतं.

तेवढ्यात आतून गौरवचा आवाज आला. "सर, ये नीचे देखिए. बोतल में दाने बैठे हैं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि भल्ला स्वतः दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा मघाचा नव्हता.

"अंदर आओ," ते सुधन्वाला म्हणाले. "मैडम, आप भी. ये नमक है. ऊपर से डाला हुआ."

"क्या?" सुधन्वा म्हणाला.

"बेटा, तुम पहले नहीं हो. शुगर छुपाने के लिए लोग क्या-क्या नहीं मिलाते. नींबू, साबुन, सिरका. मेरे पास ऐसे-ऐसे कलाकार आए हैं." ते खाली बसले, कागद पुढे ओढला. "ये मैं कंपनी को लिखूँगा. लिखना पड़ेगा. फिर ये जहाज़ क्या, कोई जहाज़ नहीं."

पंधरा दिवस बिनसाखरेचा चहा प्यायलेला माणूस सुधन्वा. साखर लपवल्याचा आळ आल्यावर त्याने उल्काकडे अशा नजरेने पाहिलं, की आता हीच एक साक्षीदार.

आणि उल्का, जिला सोळा मिनिटं खुर्चीतून उठणं जमलं नव्हतं, ती एका दमात म्हणाली, "डॉक्टर साहब, नमक मेरी बेटी ने डाला है."

"इसने?" भल्लांनी टेबलावरून वाकून खाली बघितलं. टेबलाच्या कडेवरून त्यांना दोन डोळे आणि अर्धा नवा दात दिसला. "क्यों बेटा? नमक क्यों?"

"नमक नहीं," मैत्रेयी दुखावली होती. "मैंने तो शुगर डाली थी. दो चम्मच. डब्बे पे मीठ लिखा था."

"मीठा लिखा था तो नमक कैसे निकला?"

"सर," उल्काला आता हसू आवरेना, "मराठी में नमक को मीठ कहते हैं."

भल्ला तिच्याकडे बघत राहिले. मग नळीत डोलणाऱ्या तरंग्याकडे. "नमक को मीठ," ते सावकाश म्हणाले. "कमाल के लोग हो यार तुम. तो फिर मीठे को क्या कहते हो? करेला?" आणि एवढ्या मोठ्याने हसले, की खाली झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवलं.

"पर शुगर क्यों डालनी थी?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

मैत्रेयी बाबांचा शर्ट धरून उभी राहिली. शर्टाचा तो कोपरा तिने इतका घट्ट पिळला होता, की उत्तर तिथेच होतं. सुधन्वा गुडघ्यावर बसला. रागवायचं होतं, तशी सुरुवातही केली त्याने, "मैत्रेयी, असं कुणी..." पण वाक्य पुढे जाईना. मग म्हणाला, "दोनच चमचे? अंकुरकाकांची तर खूप होती म्हणे."

"चमचा मोठा होता," मैत्रेयीने धीर दिला.

भल्लांनी कागद बाजूला सारला. "चलो, ताज़ा सैंपल. अभी. गौरव बाहर खड़ा रहेगा, अब मुझे तुम्हारे खानदान पे भरोसा नहीं है."

आणि इथे खरी पंचाईत झाली. दाराबाहेर गौरव, गौरवच्या मागे भल्ला, त्यांच्या मागे नंबर लावून बसलेली हरियाणाची तीन उंच पोरं, आणि आत सुधन्वा. दहा मिनिटं गेली. पाणी गेलं आत, एक ग्लास, दोन ग्लास. गौरवने बेसिनचा नळ सोडून पाहिला. एका पोराने सल्ला दिला, "भाईसाब, ठंडे पानी का सोचो." आतून आवाज आला, "आप लोग थोडा दूर जाएँगे प्लीज़?"

अर्धा तास झाला. मग मैत्रेयी उल्काच्या मांडीवरून उतरली, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत दारापाशी गेली, दाराला गाल लावून उभी राहिली आणि हळूच, अगदी सांभाळून, म्हणायला लागली, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

ती वर्षाची होती तेव्हा सुधन्वा सुट्टीवर आला होता. तिला पायांवर बसवून तो तासन्‌तास हेच करायचा. हिला ते आठवत असणं शक्य नव्हतं. ती म्हणत होती खरी.

"शूऽऽऽ... बाबा, होतंय का?"

आतून बारीक धारेचा आवाज आला. मग हरियाणाच्या तिन्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या.

*

दाखल्यावर शिक्का बसला. फिट. दोन वर्षं. साखर निल, मीठ निल. भल्लांनी मीठ हा शब्द मुद्दाम मराठीत उच्चारला आणि मैत्रेयीला ड्रॉवरमधली दोन चॉकलेटं दिली. "पापा को एक भी मत देना," त्यांनी बजावलं.

परतीच्या ऑटोत मैत्रेयी मधे, दोघं दोन बाजूंना. दाखल्याचा लिफाफा सुधन्वाच्या मांडीवर. त्याने एक हात मागून लांबवून उल्काच्या खांद्यावर ठेवला होता.

"थँक यू," तो म्हणाला. "तुला नसतं समजलं तर आज माझी नोकरी गेली होती. कधी लक्षात आलं तुझ्या?"

"आत," उल्का म्हणाली. "ते दाण्यांचं बोलले ना, तेव्हा."

ऑटो सिग्नलला थांबला. मैत्रेयी चॉकलेटचा कागद सोलायची थांबली. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग मान पूर्ण वर करून आईकडे.

"नाही आई," ती म्हणाली, "तुला तर मी पहिलेच सांगितलं होतं ना, कानात. मग तू इतकी देर चूप का बसली होतीस?"